कुशिंग, स्टिरॉइड आणि झिजणाऱ्या मांड्या

वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेला रुग्ण ओपीडीत आला की केसपेपर वाचायच्या आधीच निदान निम्मं झालेलं असतं. चेहरा चंद्रासारखा गोल, गाल लालबुंद, मानेच्या मागे चरबीचा उंचवटा, पोट पुढे आलेलं, आणि या भरलेल्या देहाखाली काडीसारखे हातपाय. आम्ही डॉक्टर मंडळी हे सगळं केसपेपरवर एका शब्दात लिहितो : कुशिंगॉइड. हा शब्द हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या आडनावावरून आला. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारा हा माणूस. पण त्यांनी स्टिरॉइडची गोळी जन्मात पाहिली नाही. हे औषध पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं, तेव्हा कुशिंग यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांनी वर्णन केलेला आजार शरीरात आपोआप होणारा आणि अत्यंत दुर्मीळ. आज तोच आजार आपण औषधाच्या दुकानातून विकत आणतो.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचा. दहा भावंडांतले ते शेंडेफळ. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, पणजोबाही डॉक्टर. येल विद्यापीठात शिकताना बेसबॉलचं वेड होतं. १८९१ मध्ये पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळी भूल देण्याचं काम विद्यार्थ्यांकडे असे. ईथरची बाटली, एक शंकूसारखी टोपी आणि समोर अनोळखी रुग्ण. कुशिंग यांनी अशीच भूल दिली आणि तो रुग्ण टेबलावरच दगावला. वैद्यकी सोडून द्यावी असं त्यांच्या मनात आलं होतं, असं चरित्रकार लिहितात. ती त्यांनी सोडली नाही. कॉडमन नावाच्या वर्गमित्राबरोबर त्यांनी एक तक्ता तयार केला. भूल चालू असताना ठरावीक वेळाने नाडी आणि श्वास मोजायचा आणि कागदावर उतरवायचा. आज कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञासमोर जो आलेख असतो, त्याचा हा पूर्वज. पुढे १९०१ मध्ये इटलीतल्या पाविया गावी त्यांनी रिव्हा-रोची यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र पाहिलं, त्याचा नमुना बरोबर घेतला आणि बाल्टिमोरला परतल्यावर तक्त्यात रक्तदाबाचीही भर घातली. आपल्या दंडाला बांधतात तो पट्टा अमेरिकेत रुळला, त्यात या प्रवासाचा वाटा मोठा आहे.

मला या माणसाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या सवयीसाठी. जे दिसेल ते मोजायचं, लिहायचं, चित्र काढायचं आणि जपून ठेवायचं. शस्त्रक्रिया आटोपली की ते स्वतः कागद-पेन्सिल घेऊन बसत आणि काय दिसलं याचं रेखाटन करत. रुग्ण घरी गेला तरी त्याला पत्र पाठवून वर्षा-दोन वर्षांनी खुशाली विचारत. त्यांचे रुग्ण आपलं दुखणं त्यांना पत्राने कळवत राहिले आणि त्यातून वर्षानुवर्षांच्या नोंदींचा डोंगर उभा राहिला. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला याचा हेवा वाटतो. आमच्याकडे रुग्णाचा जुना केसपेपर सापडणं हीच मोठी गोष्ट असते.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते १८९६ मध्ये आले. शस्त्रक्रियेतले गुरू हॉल्स्टेड. आणि शेजारी, मित्र आणि आदर्श म्हणून विल्यम ऑस्लर. १९०० मध्ये युरोपात गेले तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या बर्नला कोखर यांच्याकडे त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. कवटीच्या आतला दाब वाढवला की रक्तदाब चढतो, हे त्यांनी तिथे दाखवलं. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा रक्तदाब चढायला लागला आणि नाडी मंदावली, तर मेंदूवर दाब वाढतोय असं समजून धावपळ करा, हे आजही आम्ही इंटर्नना शिकवतो. त्याला कुशिंग यांचंच नाव आहे.

बाल्टिमोरला परतल्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीने त्यांना झपाटलं. वाटाण्याएवढी ही ग्रंथी कवटीच्या तळातल्या एका खोबणीत बसलेली असते. ती नेमकं काय करते हे तेव्हा कोणालाच धड ठाऊक नव्हतं. हंटेरियन नावाच्या प्रयोगशाळेत कुशिंग विद्यार्थ्यांकडून कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून घेत. प्राण्यांनाही माणसाइतक्याच काळजीने भूल द्यायची, टाके घालायचे आणि नंतर त्यांची शुश्रूषा करायची, असा दंडक होता. १९१० मध्ये क्रो आणि होमन्स या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी कुत्र्यांची पियूषिका काढून टाकल्यावर काय होतं याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. थोडासा भाग काढला तर कुत्रा लठ्ठ होतो, पिल्लू असेल तर त्याची वाढ खुंटते, जननेंद्रियं सुकतात. एक ग्रंथी बिघडली की अख्खं शरीर बदलतं, हे त्यांच्या मनावर कोरलं गेलं.

त्याच सुमाराला, १९१० च्या डिसेंबरात, त्यांच्याकडे २३ वर्षांची एक तरुणी आली. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली. वैद्यकीय इतिहासात ती मिनी जी. म्हणून ओळखली जाते. उंची जेमतेम ४ फूट ९ इंच. पाळी कधीच बंद झालेली. चेहरा गोल, पोट मोठं आणि त्यावर जांभळे चट्टे, अंगावर केस, डोकेदुखी, पाठदुखी आणि अशक्तपणा. कुशिंग यांनी १९१२ मध्ये पियूषिका ग्रंथीच्या विकारांवर पुस्तक काढलं, त्यात तिची कहाणी छायाचित्रांसह आहे. दोष पियूषिकेचा, मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा की आणखी कुठला, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आणि अनेक ग्रंथींचा एकत्रित विकार अशा सावध नावाखाली ती नोंद ठेवून दिली. ती नोंद वीस वर्षं तशीच राहिली.

मधल्या वीस वर्षांत कुशिंग जगप्रसिद्ध झाले. बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात प्रमुख शल्यचिकित्सक, हार्वर्डमध्ये प्राध्यापक. मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाने घरच्यांचा निरोप घेऊनच जायचं, असा तो काळ. कुशिंग यांनी रक्तस्राव थांबवायला चांदीचे बारीक चिमटे वापरले, १९२६ पासून बोव्ही यांचं विजेवर चालणारं यंत्र वापरलं आणि तासन् तास चालणाऱ्या, संथ, कमालीच्या स्वच्छ शस्त्रक्रियेची पद्धत बसवली. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. १९३१ मध्ये त्यांनी मेंदूच्या गाठीची दोन हजारावी शस्त्रक्रिया केली. ऑस्लर यांचं त्यांनी लिहिलेलं दोन खंडी चरित्र १९२६ मध्ये पुलित्झर पारितोषिकाचं मानकरी ठरलं. नोबेलसाठी अनेकदा नाव सुचवलं गेलं, पण ते मिळालं नाही.

माणूस म्हणून मात्र ते सोपे नव्हते. हाताखालच्या डॉक्टरांना शब्दांनी सोलून काढत. घरी पाच मुलं होती, पण वडिलांचं दर्शन दुर्लभ. १९२६ च्या जूनमध्ये थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. सकाळी बातमी कळली. कुशिंग यांनी पत्नीला कळवलं, आणि त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया केली. याला कोणी कर्तव्यनिष्ठा म्हणेल. मला त्यात एक भयंकर एकटेपणही दिसतं. पण टेबलावर झोपलेल्या रुग्णाच्या बाजूने पाहिलं, तर टीका करायला जीभ रेटत नाही.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्स आणि बेल्जियममध्ये होते. डोक्यात गोळ्यांचे आणि बॉम्बचे तुकडे घुसलेले सैनिक रांगेने येत. अशा जखमींमध्ये निम्म्याहून अधिक दगावत. तीन महिन्यांच्या कामात कुशिंग यांनी हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आणलं. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ऑस्लर यांचा एकुलता मुलगा रिव्हिअर जखमी होऊन आला. कुशिंग त्याच्या उशाशी होते, पण तो वाचला नाही. पुढच्याच वर्षी कुशिंग स्वतः आजारी पडले. आधी फ्लूसारखा ताप, मग हातापायांत बधिरपणा, चालताना तोल जाणं, पायांतली शक्ती गेल्यासारखं होणं. मज्जातंतूंचा विकार होता. त्यातून ते उठले, पण पाय पूर्वीसारखे कधी झाले नाहीत. त्यात सिगारेटचं व्यसन. पायांच्या रक्तवाहिन्या आक्रसत गेल्या आणि शेवटची वर्षं चालणं हीच शिक्षा झाली. त्यांच्या आजाराचा आणि मिनीच्या आजाराचा वैद्यकीयदृष्ट्या काही संबंध नाही. मात्र पायांनी साथ सोडणं म्हणजे काय, हे ते चांगलंच जाणून होते.

१९३२ मध्ये, ब्रिगहॅममधून निवृत्त होण्याच्या वर्षी, त्यांनी जुनं गाठोडं सोडलं. मिनीसारखे १२ रुग्ण जमा झाले होते, काही स्वतःचे आणि काही इतर डॉक्टरांनी वर्णन केलेले. ज्यांचं शवविच्छेदन झालं होतं त्यातल्या बऱ्याच जणांच्या पियूषिकेत एका विशिष्ट प्रकारच्या पेशींची बारीकशी गाठ होती, इतकी लहान की शोधणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरच दिसावी. सगळ्या रोगाचं मूळ तिथे आहे असं कुशिंग यांनी मांडलं. मिनी तेव्हाही हयात होती. त्या लेखात लक्षणांची यादी आहे. चेहरा, मान आणि पोटावर चरबी, पण हातपाय त्यातून सुटलेले, पाठीला बाक, पाळी बंद, जांभळे चट्टे, वाढलेला रक्तदाब. आणि यादीच्या अगदी शेवटी, जवळजवळ जाता जाता, लवकर येणारा थकवा आणि शेवटी येणारी टोकाची दुर्बलता.

गोल चेहरा आणि जांभळे चट्टे सगळ्यांच्या लक्षात राहिले. पाठ्यपुस्तकात फोटो त्यांचेच असतात. शेवटी लिहिलेल्या दुर्बलतेचा मात्र फोटो काढता येत नाही. इतकं सोसल्यावर माणूस अशक्त होणारच, असं म्हणून ती बाजूला ठेवली गेली.

कुशिंग नंतर येलला गेले, १९३७ पर्यंत तिथे शिकवत राहिले, जुन्या ग्रंथांचा आपला अफाट संग्रह त्यांनी त्या विद्यापीठाला दिला. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. शवविच्छेदनात त्यांच्याही मेंदूत एक छोटी, निरुपद्रवी गाठ निघाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाठी शोधणाऱ्याला तिचा पत्ताच नव्हता.

पुढची गोष्ट त्यांच्या माघारी घडली. पियूषिका आणि अ‍ॅड्रिनल यांचं नातं आधीच उलगडू लागलं होतं. उंदरांची पियूषिका काढली की अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुकतात, हे फिलिप स्मिथ यांनी १९३० मध्ये दाखवलं होतं. म्हणजे पियूषिका हुकूम सोडते आणि अ‍ॅड्रिनल माल पाठवते. कुशिंग यांच्या रुग्णांत हुकूम थांबतच नव्हता आणि अ‍ॅड्रिनलमधून कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन अखंड पाझरत होतं. तिकडे मेयो क्लिनिकमध्ये डवाइट इंगल हे अ‍ॅड्रिनल काढलेल्या उंदराच्या पायाच्या स्नायूला विजेचे झटके देऊन तो किती वेळ काम करतो ते मोजत. अ‍ॅड्रिनल नसलेला स्नायू लवकर थकतो. ग्रंथीचा अर्क दिला की पुन्हा काम करू लागतो. केंडल यांनी अ‍ॅड्रिनलमधून वेगळे केलेले पदार्थ याच कसोटीवर पारखले गेले आणि त्यातल्याच एका पदार्थाला पुढे कॉर्टिझोन हे नाव मिळालं. स्नायूला हे हार्मोन लागतं, आणि तेच जास्त झालं की स्नायूला खातं. हा विरोधाभास लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिझोनचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चं नोबेल केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना मिळालं, इतकी घाई त्या समितीने क्वचितच केली असेल. मग मोठ्या मात्रेत, लांबलचक उपचार सुरू झाले आणि कुशिंग यांच्या फोटोंमधले चेहरे वॉर्डावॉर्डांत दिसू लागले. फुल्लर अल्ब्राइट यांनी चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की पातळ कातडी, ठिसूळ हाडं आणि दुबळे स्नायू यांचं मूळ एकच : हे हार्मोन शरीरातली प्रथिनं मोडून त्यांची साखर करतं. उपासमारीत हे शहाणपणाचं आहे. अडल्या वेळी घरातली भांडी गहाण टाकून चूल पेटवावी तसं. पण घरात धान्य असताना रोजच भांडी जाऊ लागली, तर काय उरणार? १९५९ मध्ये म्यूलर आणि कुगेलबर्ग या संशोधकांनी कुशिंग सिंड्रोमच्या रुग्णांचे स्नायू तपासून हा स्नायूंचाच विकार आहे असं मांडलं. यादीतल्या शेवटच्या लक्षणाला स्वतःचं नाव मिळायला २७ वर्षं लागली.

या विकाराचं एक वैशिष्ट्य आहे. दुखत नाही. रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायू फुटले की वाढणारं द्रव्य, बहुधा नॉर्मलच येतं. मार बसतो तो कंबर आणि मांडीच्या मोठ्या स्नायूंना, आणि त्यातही जोर लावणाऱ्या, वेगवान तंतूंना. म्हणून पहिली तक्रार कोणती असते? एसटीची पायरी चढवत नाही. शौचाला बसलं की उठवत नाही, नळाला धरावं लागतं. पंगतीतून उठताना गुडघ्यावर हात टेकावे लागतात. घरचे म्हणतात, वजन वाढलंय म्हणून. वजन वाढलेलं असतं हे खरं, पण ते चरबीचं. मांडीचा स्नायू आत झिजलेला असतो आणि वरचं पोट ते झाकून टाकतं.

आता प्रश्न असा की स्नायूतली प्रथिनं जातात कुठे? याचं उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत मुख्यतः प्रयोगशाळेतल्या उंदरांनी दिलं. डेक्सामेथासोन हे जोरदार स्टिरॉइड रोज टोचलं की काही दिवसांतच उंदराचे पिंडरीचे स्नायू बारीक होतात. त्या स्नायूत मोडतोडीच्या दोन यंत्रणा कामाला लागलेल्या आढळतात. पहिली म्हणजे, नको असलेल्या प्रथिनावर खूण करून त्याचे तुकडे करणारी. तिचे दोन कारागीर, मर्फ-१ आणि अ‍ॅट्रोजिन-१, २००१ मध्ये सापडले. दुसरी यंत्रणा म्हणजे ऑटोफॅजी, पेशीने स्वतःचाच भाग खाणं. हा शब्द बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द दूव यांनी १९६३ मध्ये घडवला. त्यामागची जनुकं जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधली आणि त्याबद्दल त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

ऑटोफॅजी समजायला घंटागाडी डोळ्यांसमोर आणा. पेशीत जुनी प्रथिनं, बिघडलेली मायटोकॉन्ड्रिया असा कचरा रोज साठतो. त्याभोवती एक पडदा तयार होतो, त्याची पिशवी बनते आणि ती पिशवी लायसोसोम नावाच्या पाचक डब्यात रिकामी होते. तिथे कचऱ्याचे अमिनो आम्ल होऊन पुन्हा वापरात येतात. गाडी निघायची वेळ झाली हे सांगायला बेक्लिन-१, गाडी जोडायला एटीजी-५, एटीजी-७ वगैरे मंडळी, कचरा बांधून आणायला पी६२, आणि गाडीच्या अंगावरच चिकटलेलं एलसी३. एलसी३ मोजलं की गाड्या किती आहेत याचा अंदाज येतो. एरवी ही सगळी व्यवस्था इन्शुलिन आणि त्याच्या भाऊबंदांच्या धाकात असते. हा धाक फॉक्सो नावाच्या प्रथिनाला पेशीकेंद्राबाहेर अडवून धरतो. स्टिरॉइड हा धाक ढिला करतं, फॉक्सो आत शिरतं आणि दोन्ही यंत्रणांची जनुकं एकदम चालू करतं. २००७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांच्या स्नायूत फॉक्सो-३ हे काम करतं असं दाखवलं. मग घंटागाडी कचऱ्याबरोबर घरातलं सामानही उचलू लागते.

इथवर ऐकलं की कोणीही विचारेल, मग गाडीच बंद करा की! संशोधकांनी तेही करून पाहिलं. २००९ मध्ये एका गटाने उंदरांच्या फक्त स्नायूंमधलं एटीजी-७ काढून टाकलं. गाडी जोडलीच जाईना. हे उंदीर बळकट व्हायला हवे होते, झाले उलटे. स्नायू बारीक आणि दुबळे झाले, बिघडलेली मायटोकॉन्ड्रिया आत साचली. कचरा उचलला नाही तरी घर राहण्याजोगं उरत नाही. इंगल यांच्या उंदरांत दिसलेला विरोधाभास इथे दुसऱ्या रूपात आला. म्हणूनच स्टिरॉइडने झिजलेल्या स्नायूत वाढलेली ऑटोफॅजी ही चोर आहे की आग लागल्यावर धावलेला बंबवाला, यावर आजही दोन मतं आहेत. माझा कल असा की ती दोन्ही आहे. मात्रा आणि मुदत यांवर ते ठरतं.

या विषयावरचे शोधनिबंध वाचताना एक सावधगिरी बाळगायला हवी. स्नायूत एलसी३ वाढलेलं दिसलं म्हणजे ऑटोफॅजी वाढली, असं सरसकट म्हणता येत नाही. रस्त्यावर कचऱ्याच्या गाड्या जास्त दिसण्याची कारणं दोन असू शकतात : एक तर जास्त गाड्या सोडल्या आहेत, किंवा कचरा डेपोचं गेट बंद असल्याने त्या रांगेत अडकल्या आहेत. पी६२ पाहिलं की थोडा उलगडा होतो, कारण डेपो बंद असेल तर तेही साचतं. मलेरियासाठीचं आणि संधिवातासाठीचं क्लोरोक्विन नेमकं हे गेट बंद करतं. प्रयोगात ते मुद्दाम वापरतात, आणि ते फार दिवस घेतलेल्या काही रुग्णांच्या स्नायूंत अशा अडकलेल्या पिशव्यांचे फुगे सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर दिसतात. दुसरी गोष्ट उंदराची. डेक्सामेथासोन दिलेल्या उंदराचं वजन घटतं, तो अख्खाच सुकतो. माणसाचं वजन वाढतं. शिवाय उंदरांना दिलेली मात्रा बहुधा भरमसाठ असते आणि काळ काही दिवसांचा. माणूस वर्षानुवर्षं थोडीथोडी गोळी घेत असतो. त्यामुळे अमुक अर्काने उंदरांतली स्नायूंची झीज थांबली अशी बातमी आली, की लगेच तो अर्क शोधायला बाहेर पडू नये.

रुग्णाच्या कामाचं असं यातून आज काय हाती लागतं? फ्लोरिनयुक्त स्टिरॉइडं, म्हणजे डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, ट्रायमसिनोलोन, स्नायूंना जास्त छळतात. म्हणून उपचार लांबणार असेल तर प्रेडनिसोलोनकडे वळण्याचा विचार होतो. मात्रा कमीत कमी आणि मुदत थोडकी. दम्याचा झटका, ल्युपस, मूत्रपिंडाचे काही विकार यांत स्टिरॉइड जीव वाचवतं, तिथे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझा राग आहे तो गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांवर आणि भूक वाढावी, अंग धरावं म्हणून दिल्या जाणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांवर. पहिले पंधरा दिवस रुग्ण खूश असतो. मग पुडी सुटत नाही, चेहरा भरतो, आणि वर्षभरात ती बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठड्याला धरून उभी राहते. २०२१ च्या करोना लाटेत अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर या जोडीने म्युकरमायकोसिसचा केवढा कहर केला, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. स्नायूंची झीज त्यामानाने मुकाट असते. बातमीत येत नाही.

हे वाचून कोणी चालू असलेली गोळी उद्यापासून बंद करू नये. फार दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी जातात. अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीने उतरवायची. ती उतरली की स्नायू आठवड्यांत-महिन्यांत भरून यायला लागतात. झिजलेला तंतू मेलेला नसतो, ही या आजारातली दिलाशाची बाजू आहे.

दुसरा उपाय साधा, पण त्याला आधार आहे. हृदयप्रत्यारोपणानंतर स्टिरॉइड घ्यावंच लागणाऱ्या रुग्णांना वजनं उचलण्याचा व्यायाम दिला, तर स्नायूंची झीज रोखता येते, असं १९९८ मधल्या एका अभ्यासात दिसलं. व्यायाम करणाऱ्या स्नायूत नवी प्रथिनं बांधण्याचा हुकूम जोरात सुटतो आणि मोडतोडीला लगाम बसतो. आमच्याकडे रुग्णाला जिम परवडत नाही. म्हणून मी पाठीची हाडं आणि हृदय ठीक आहे याची खात्री करून, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायला सांगतो. हात छातीवर बांधायचे, खुर्चीतून उठायचं, बसायचं. सुरुवातीला पाच वेळा, दिवसातून तीनदा, कोणीतरी जवळ असताना. दर खेपेला ओपीडीत मीही ते मोजतो आणि आकडा केसपेपरवर तारखेसह लिहितो.